पान कधी पूर्ण होते?

संगणकाच्या पडद्यावरील पान कागदाच्या पानासारखेच असते, अशी समजूत आरंभीच्या काळात होती व ती चुकीचीही नव्हती. पान मागितले की ते येत असे. आले की ते पूर्ण असे. आणि दुसरे पान मागेपर्यंत त्यात काहीही बदल होत नसे. आज ही समजूत टिकत नाही. वाचक पानाकडे पाहत असतानाच त्यातील एखादी यादी बदलते, एखादा आकडा पुसला जाऊन त्या जागी दुसरा येतो, आणि बाकीचे पान मात्र जागच्या जागी राहते. माणसाला याची अडचण फारशी जाणवत नाही. यादी भरेपर्यंत त्याची नजर आपोआप थांबते व भरली की हात पुढे जातो. परंतु हेच पान तपासण्याचे काम जेव्हा यंत्राकडे सोपविले जाते, तेव्हा त्याने कोठे व किती थांबावे हे कोणीतरी आधी सांगून ठेवावे लागते. वरवर क्षुल्लक भासणाऱ्या या प्रश्नाने संगणकशास्त्रज्ञांना दोन दशकांहून अधिक काळ गुंतवून ठेवले आहे.

प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी नवा रायपूर हे उदाहरण सोयीचे आहे. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्यानंतर जुन्या रायपूर शहराच्या आग्नेयेस सुमारे वीस किलोमीटरवर शेतजमिनींच्या व खेड्यांच्या परिसरात नवी राजधानी आखण्यात आली. २०१२ च्या नोव्हेंबर महिन्यात राज्याचे मंत्रालय तेथील महानदी भवनात गेले. विभागप्रमुखांची कार्यालये शेजारच्या इंद्रावती भवनात आली. २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञानाचे शिक्षण देणारी एक स्वतंत्र संस्थाही तेथे सुरू झाली. ज्या राज्याचा कारभार या नगरातून चालतो, त्या राज्यात ३३ जिल्हे व सुमारे वीस हजार गावे आहेत, आणि त्यांच्या जमिनींचे अभिलेख आता संगणकावर आहेत. या व्यवस्थेचे नाव ‘भुइयाँ’, म्हणजे भूमी. शेतकऱ्याला आपल्या शेताचा खसरा अथवा बी-१ हा उतारा पाहावयाचा असेल तर तो जिल्हा, तहसील, गाव असा एकेक टप्पा उतरत आपल्या नोंदीपर्यंत पोहोचतो. महाराष्ट्रातील वाचकाला हे अपरिचित नाही. ‘महाभूलेख’वर सातबारा पाहताना विभाग, जिल्हा, तालुका व गाव असाच जिना उतरावा लागतो.

ही नोंद केवळ पाहण्यापुरती नसते. छत्तीसगडमध्ये दर वर्षी नोव्हेंबरपासून सहकारी संस्थांच्या केंद्रांवर शासनाकडून भाताची खरेदी होते. नोंदणी केलेल्या शेतकऱ्याकडून किती भात घ्यावयाचा हे त्याच्या नोंदलेल्या क्षेत्रावरून ठरते. २०२३-२४ च्या हंगामापासून एकरी २१ क्विंटलपर्यंत भात घेतला जाऊ लागला व क्विंटलमागे ३१०० रुपये पडू लागले. म्हणजे क्षेत्राच्या नोंदीत एका एकराचा फरक पडला तर शेतकऱ्याच्या हातात येणाऱ्या रकमेत ६५,१०० रुपयांचा फरक पडतो. ज्या पानांवरून अशा नोंदी वाचल्या व भरल्या जातात, ती पाने अचूक चालतात किंवा नाही हे वारंवार तपासणे हा हौसेचा विषय नव्हे.

पुढील विवेचनासाठी अशाच धर्तीचे एक कल्पित पान डोळ्यांसमोर ठेवू. प्रत्यक्षातील कोणत्याही संकेतस्थळाच्या अंतर्गत रचनेविषयी ते विधान नाही. या पानावर तीन निवडयाद्या आहेत. पहिलीत जिल्हा निवडला की दुसरीत त्या जिल्ह्याच्या तहसिली येतात. तहसील निवडली की तिसरीत गावे येतात. गाव निवडून खसरा क्रमांक लिहिला की खाली नोंद दिसते. पानात कोणताही बदल केल्यावर हे सारे पुन्हा एकदा तपासले पाहिजे. एक कर्मचारी हे काम हाताने दहा मिनिटांत करील. पण असे शेकडो मार्ग, प्रत्येक दुरुस्तीनंतर, दररोज, ही माणसाच्या आवाक्यातील गोष्ट नाही. म्हणून एक आज्ञावली लिहितात. ती ब्राउझर स्वतः उघडते, माणसाप्रमाणे यादीतील नाव निवडते, बटन दाबते, आणि दिसलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. हीच स्वयंचलित ब्राउझर-चाचणी.

जुन्या पद्धतीचे पान असते तर चाचणीचे काम सोपे होते. त्या पद्धतीत प्रत्येक निवडीनंतर सगळे पान सर्व्हरकडे जाई, पडदा क्षणभर पांढरा पडे आणि नवे पान येई. ते पूर्णपणे उतरले की ब्राउझर स्वतःच तशी वर्दी देत असे. चाचणीने त्या वर्दीची वाट पाहावी व पुढचे पाऊल टाकावे, इतके पुरे होते. या व्यवस्थेला पहिला छेद गेला तो १९९९ मध्ये. मायक्रोसॉफ्टच्या ई-मेल व्यवस्थेसाठी काम करणाऱ्या मंडळींना संपूर्ण पान न बदलता त्यातील थोडीच माहिती मागवावयाची होती. त्यासाठी तयार केलेली सोय इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आली. काही वर्षे तिच्याकडे कोणाचे विशेष लक्ष गेले नाही. २००४ मध्ये जीमेल व २००५ च्या आरंभी गूगलचे नकाशे लोकांनी पाहिले तेव्हा तिचे सामर्थ्य ध्यानात आले. नकाशा बोटाने ओढावा तसा सरकत होता, आणि पान एकदाही पांढरे पडत नव्हते. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ असे नाव दिले. त्यातील आद्याक्षर असिंक्रोनस या शब्दाचे आहे. मराठीत त्याला असमकालिक म्हणता येईल: मागणी केली जाते, पण उत्तर येईपर्यंत कोणी हात बांधून बसत नाही, उत्तर येईल तेव्हा त्याची जागा त्याला दिली जाते.

वापरणाऱ्याची यात सोय झाली, परंतु चाचणीचा आधार गेला. पान एकदाच उतरते व ब्राउझरची वर्दी एकदाच मिळते. त्यानंतर तहसिलींची यादी आली, गावांची आली, नोंद आली, तरी कोठेही घंटा वाजत नाही.

योगायोग असा की ब्राउझर चालविणारे सर्वांत प्रसिद्ध साधन याच सुमारास जन्माला आले. २००४ मध्ये शिकागो येथे थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स यांनी कामाचे तास व खर्च नोंदविण्याच्या एका अंतर्गत व्यवस्थेची चाचणी घेण्यासाठी ते बनविले. त्या काळी या क्षेत्रात मर्क्युरी नावाच्या कंपनीचे वर्चस्व होते. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा मानतात. या विनोदातून साधनाचे नाव ‘सेलेनियम’ पडले. पुढे सायमन स्ट्यूअर्ट यांनी ‘वेबड्रायव्हर’ तयार केले, २००९ मध्ये दोन्ही प्रयत्न एकत्र करण्याचे ठरले, आणि २०१८ मध्ये वेबड्रायव्हरची पद्धत आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. सेलेनियमच्या जुन्या आज्ञांमध्ये ‘क्लिक-अँड-वेट’ अशी एक आज्ञा होती: दाबा आणि पान येईपर्यंत थांबा. नव्या पानांवर तिचा उपयोग होईना. पान येतच नव्हते. ते आधीपासून तेथेच होते.

अशा वेळी चाचणी लिहिणारा जो पहिला उपाय करतो तो म्हणजे ठरावीक काळ थांबणे. जिल्हा निवडल्यावर तीन सेकंद थांबावे, तहसील निवडल्यावर तीन सेकंद थांबावे. बहुतेक वेळा तेवढ्यात यादी आलेली असते. हा उपाय इतका सोपा आहे की अनुभवी माणसेही त्याच्या मोहात पडतात. त्याचा तोटा मात्र दुहेरी आहे. चारशे चाचण्या असतील व प्रत्येकीत सहा ठिकाणी तीन-तीन सेकंदांचा थांबा असेल, तर ७२०० सेकंद, म्हणजे पूर्ण दोन तास, यंत्र काहीही न करता बसून राहते. यादी बहुधा पाव सेकंदातच आलेली असते. आणि ज्या दिवशी सर्व्हरवर ताण असतो व यादीला साडेतीन सेकंद लागतात, त्या दिवशी पानात कोणताही दोष नसताना चाचणी नापास होते. तीनचे पाच केले तर पहिला तोटा वाढतो आणि दुसरा नाहीसा होत नाही, काहीसा विरळ होतो इतकेच.

रेल्वेच्या इतिहासात याच चुकीची फार मोठी किंमत द्यावी लागली होती. आरंभीच्या काळात एका मार्गावर एकामागून एक गाड्या सोडताना त्यांच्यात ठरावीक मिनिटांचे अंतर ठेवीत. पहिली गाडी सुटून अमुक मिनिटे झाली, तेव्हा ती पुढच्या स्थानकाला पोहोचली असेलच, असा तर्क. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ सहलीला निघालेली एक गाडी चढावावर अडली. तिचे मागचे डबे सुटे केले गेले, ते उताराने मागे घरंगळले आणि वेळेचे अंतर राखून मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी माणसे मृत्युमुखी पडली, व त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी मार्गांसाठी वेळेच्या अंतराची पद्धत मोडीत काढणारा कायदा केला. पुढच्या स्थानकाकडून मार्ग मोकळा असल्याची खूण आल्यावाचून गाडी सोडावयाची नाही, असा नियम झाला. भारतातील एकेरी मार्गांवर अनेक दशके हेच तत्त्व नील यांच्या गोळा-टोकन यंत्राने पाळले गेले. दोन स्थानकांतील यंत्रे एकमेकांशी जोडलेली असत व एका वेळी एकच पोलादी गोळा बाहेर येई. कातडी पिशवीतला तो गोळा हाती आल्याखेरीज चालक गाडी पुढे नेत नसे. घड्याळ काहीही दाखवो, गोळा नाही तर गाडी नाही.

चाचणीतील योग्य थांबा हा गोळ्यासारखा असतो. ‘तीन सेकंद थांब’ असे न सांगता ‘गावांची यादी भरेपर्यंत थांब, पण दहा सेकंदांपलीकडे थांबू नकोस’ असे सांगावयाचे. सेलेनियममध्ये अशा थांब्यासाठी जी सोय आहे ती अट पुरी झाली का हे साधारणपणे दर अर्ध्या सेकंदाला पाहते. पुरी झाली की त्याच क्षणी पुढे जाते. मुदत संपली तरच अपयश नोंदविते. मुदत मोठी ठेवण्यात काही नुकसान नसते, कारण ती एरवी खर्चच होत नाही. याच साधनात सर्व घटकांना एकदमच लागू होणारा दुसराही एक थांबा आहे. दोन्ही एकत्र वापरू नयेत असे साधनाचे कर्तेच बजावतात, कारण दोन मुदती एकमेकींत गुंतल्यावर प्रत्यक्षात किती वेळ थांबले जाईल याचा भरवसा उरत नाही.

हे तत्त्व मान्य झाले म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नाही. खरी कसोटी खूण कोणती निवडावी येथे लागते, आणि चुकीची खूण घड्याळापेक्षाही फसवी ठरू शकते.

कल्पित पानावर यादी येत असताना एक चक्र फिरत असते असे समजा. ‘चक्र नाहीसे होईपर्यंत थांब’ ही अट स्वाभाविक वाटते. पण निवड करणे आणि चक्र दिसू लागणे यांतही काही क्षण जातात. यंत्र माणसापेक्षा फार चपळ असल्याने ते त्या फटीतच डोकावते, चक्र दिसत नाही असे पाहते, आणि काम झाले असे समजून पुढे जाते. काम तर अजून सुरूही झालेले नसते. माणसाच्या हातून ही चूक सहसा होत नाही. ती केवळ वेगाची शिक्षा आहे.

दुसरी खूण अधिक धोक्याची. ‘गावांची यादी रिकामी नसेपर्यंत थांब’ असे सांगितले. पहिल्या निवडीच्या वेळी ते बरोबर चालते. परंतु चाचणीने आधी आरंग तहसील निवडली होती व आता ती अभनपूर निवडते. यादी रिकामी नाहीच. तीत आरंगची गावे आहेत. अट तत्काळ पुरी होते आणि चाचणी जुन्या यादीतून गाव निवडते. जुन्या स्थितीत खोटी व नव्या स्थितीतच खरी असेल तीच खूण विश्वासाची. ‘यादी भरली’ ही तशी खूण नव्हे. ‘यादीत अभनपूरचे अमुक गाव दिसले’ ही आहे.

आणखी एक अडचण शिळ्या संदर्भाची. चाचणीने यादीतील एक नाव पकडून ठेवले आणि ते दाबण्याआधीच पानाने सगळी यादी टाकून नवी रचली, तर दिसायला तेच नाव त्याच जागी असूनही चाचणीच्या हातातील नाव आता पानाचे उरलेले नसते. फेरफार मंजूर झाल्यावर जुना उतारा हातात घेऊन फिरणाऱ्या खातेदारासारखी तिची अवस्था होते. सेलेनियम अशा वेळी संदर्भ शिळा झाल्याचा दोष नोंदवून थांबते. नवशिके या दोषाला वैतागतात. वस्तुतः तो या साधनाचा प्रामाणिकपणा आहे. यादी स्थिरावल्यावर तो घटक नव्याने शोधणे हाच त्यावर उपाय.

अलीकडील साधनांनी यांतील बराचसा भार स्वतःकडे घेतला. सायप्रेस हे साधन एखादा घटक सापडला नाही तर आपण होऊन चार सेकंदांपर्यंत पुन्हा पुन्हा शोधते. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले प्लेराइट एखादे बटन दाबण्यापूर्वी ते पानावर आहे का, दिसते का, हलायचे थांबले आहे का, दुसऱ्या कशाने झाकलेले तर नाही ना, आणि दाबण्याजोगे आहे का, हे स्वतः पाहते. ते स्थिर आहे हे ठरविण्यासाठी लागोपाठच्या दोन चित्रचौकटींत त्याची जागा तीच आहे ना, हे तपासले जाते. या सोयी मोलाच्या आहेत. तथापि बटन दाबण्याजोगे आहे हे साधनाला कळते. दिसणारी यादी अभनपूरची आहे की आरंगची, हे कळत नाही. तो अर्थ पान बनविणाऱ्याला ठाऊक असतो व त्यानेच तो सांगावा लागतो. ‘जाळ्यावरील सर्व हालचाल थंडावेपर्यंत थांबा’ असाही एक सर्वसाधारण पर्याय प्लेराइटमध्ये आहे, परंतु चाचणीसाठी तो वापरू नये असे त्याच्याच माहितीपुस्तिकेत म्हटले आहे. काही पानांची हालचाल कधीच थंडावत नाही, आणि काहींची काम पुरे होण्याआधीच घटकाभर थंडावते.

येथवर असे गृहीत धरले की पान निर्दोष आहे व चाचणी तेवढी उतावळी आहे. कित्येकदा वस्तुस्थिती याच्या उलट असते. कल्पित पानावरील शेतकऱ्याने चुकून आरंग निवडली व लगेच सुधारून अभनपूर निवडली. सर्व्हरकडे दोन मागण्या गेल्या. ज्या क्रमाने त्या गेल्या त्याच क्रमाने उत्तरे येतील असा असमकालिक व्यवहारात कोणताही नियम नाही. अभनपूरचे उत्तर आधी आले, यादी भरली. मागे रेंगाळलेले आरंगचे उत्तर नंतर आले, आणि पानाने तेही इमानेइतबारे यादीत भरले. आता वर तहसील अभनपूर दिसते व खाली गावे आरंगची आहेत. गावांची नावे अगदीच वेगळी असती तर चूक ध्यानात आली असती. पण नवागाव नावाची गावे छत्तीसगडात अनेक आहेत. दोन्ही याद्यांत नवागाव असेल, तर शेतकरी ते निःशंकपणे निवडील, आपला खसरा क्रमांक लिहील, आणि त्याच क्रमांकाची पण दुसऱ्याच गावची जमीन त्याच्यासमोर येईल.

जी चाचणी प्रत्येक निवडीनंतर पाच सेकंद शांत बसते तिला हा दोष जन्मात सापडणार नाही. तिच्यापुढे दुसरी मागणी जाण्यापूर्वी पहिलीचे उत्तर नेहमीच येऊन गेलेले असते. उतावळ्या चाचणीला तो कधीमधी सापडेल, पण दहांतून एकदा. आणि त्या एका अपयशाकडे ‘वेळेचा काहीतरी घोळ’ म्हणून दुर्लक्ष होईल.

वेगातच लपलेला दोष किती घातक असू शकतो हे वैद्यकाच्या क्षेत्रात एकदा दिसून आले आहे. थेरॅक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे कॅनडात बनलेले संगणकनियंत्रित यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्या सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा बसला. त्यांतील दोन घटना १९८६ च्या मार्च व एप्रिल महिन्यांत अमेरिकेतील टायलर या गावी घडल्या. चालक स्त्रीने उपचाराचा प्रकार चुकीचा टाइप केला, लगेच वर जाऊन तो सुधारला, आणि उपचार सुरू केला. यंत्रातील चुंबके जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. त्या अवधीत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसली, परंतु यंत्रात उतरली नाही. उत्पादकांच्या माणसांनी तपासले तेव्हा त्यांना काहीच आढळेना. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी त्या चालक स्त्रीला सोबत घेऊन तेच टंकलेखन पुन्हा पुन्हा करून पाहिले, आणि अखेर उमगले की दोष प्रकट व्हायला सरावाच्या हाताचा वेग लागतो. सावकाश टाइप करणाऱ्या तपासनीसाला तो दिसणेच शक्य नव्हते.

म्हणून असमकालिक पानाची चाचणी घेताना थांबणे येणे पुरेसे नाही. दुसऱ्याला थांबविणेही यावे लागते. नव्या साधनांत अशी सोय असते की ब्राउझरकडून जाणारी मागणी किंवा सर्व्हरकडून येणारे उत्तर वाटेत अडवावे व हवे तेव्हा सोडावे. कल्पित पानासाठी चाचणी अशी लिहिता येईल: आरंग निवडावी व तिचे उत्तर रोखून धरावे, अभनपूर निवडावी व तिचे उत्तर येऊ द्यावे, मग आरंगचे उत्तर सोडावे, आणि यादी अभनपूरचीच राहिली ना, हे पाहावे. आता योगायोगाला जागा उरत नाही. दोष असेल तर तो शंभरांतून शंभर वेळा दिसेल. पानातील दुरुस्तीही अवघड नसते. प्रत्येक मागणीला क्रमांक द्यावा आणि उत्तर आल्यावर त्याचा क्रमांक शेवटच्या मागणीचा नसेल तर ते टाकून द्यावे. अथवा नवी मागणी करतानाच जुनी रद्द करावी.

मात्र अशी काळजी सर्वत्र घेतली जात नाही, याला पुरावा आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात दार्को मारिनोव व त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अपाची प्रतिष्ठानच्या ५१ प्रकल्पांतील, कधी उत्तीर्ण तर कधी अनुत्तीर्ण होणाऱ्या लहरी चाचण्यांच्या २०१ दुरुस्त्या त्यांनी तपासल्या. ज्या १६१ दुरुस्त्यांचे मूळ कारण निश्चित करता आले, त्यांपैकी ७४ ठिकाणी कारण एकच होते: असमकालिक काम पुरे होण्याची वाट नीट पाहिली नव्हती. त्या सर्व चाचण्या ब्राउझरच्या नव्हत्या, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ही व्याधी पानापुरती मर्यादित नाही. गूगलने २०१६ मध्ये सांगितले की त्यांच्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत काही ना काही लहरीपणा आढळतो, आणि उत्तीर्ण होत असलेली चाचणी अचानक नापास झाल्याच्या प्रसंगांपैकी ८४ टक्के प्रसंगांत लहरी चाचणीच गुंतलेली असते.

अशा आकड्यांमुळे एक सवय जडते. चाचणी नापास झाली की ती पुन्हा चालवावयाची, तीनदा चालवून एकदा उत्तीर्ण झाली तरी उत्तीर्ण मानावयाची. गर्दीच्या कामात हे समजण्यासारखे आहे, व काही साधने तशी सोयही देतात. पण नवागावचा दोष पुन्हा आठवावा. तो तीनांपैकी एकदाच दिसणारा दोष आहे. त्याला झाकण्यासाठी याहून सोयीचे पांघरूण नाही. निदान इतके तरी करता येते की पुन्हा चालवून उत्तीर्ण झालेल्या चाचण्यांची वेगळी नोंद ठेवावी व त्या नोंदीला कोणीतरी वाली असावा.

राहिला अंतराचा प्रश्न. राजधानीत सर्व्हरजवळ बसून चालविलेल्या चाचणीला यादी पाव सेकंदात मिळते. बिजापूर वा नारायणपूर जिल्ह्यातील डोंगराळ भागात, जेथे मोबाइलची जोडणी क्षीण असते, तेथे तीच यादी यायला कित्येक सेकंद लागू शकतात, आणि उत्तरांचा क्रम उलटण्याची शक्यताही त्याच प्रमाणात वाढते. यासाठी ब्राउझर-साधनांत जोडणी मुद्दाम मंद करण्याची सोय असते. दूरच्या यंत्रांवर चाचणी चालविण्याचा व्यवसायच मुंबईत उभा राहिला आहे. मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या रितेश अरोरा व नकुल अगरवाल यांनी २०११ मध्ये ब्राउझरस्टॅक ही कंपनी स्थापन केली. निरनिराळे ब्राउझर व हजारो खरे मोबाइल संच ती जाळ्यावरून भाड्याने वापरायला देते. अशा ठिकाणी प्रत्येक आज्ञा दूरवर जाऊन परत येत असल्याने घड्याळावर विसंबून लिहिलेल्या चाचण्या पहिल्याच दिवशी कोसळतात. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर मात्र त्या महिनोन्महिने चालत आलेल्या असतात.

थांबण्याची कमाल मुदत किती असावी, हा निर्णयही केवळ सोयीचा नाही. चाचणी नापास होऊ नये म्हणून ती साठ सेकंद ठेवली, तर ज्या पानाला गावांची यादी दाखवायला पन्नास सेकंद लागतात तेही उत्तीर्ण ठरेल. खरेदी केंद्रावरील रांगेत मोबाइल हातात धरून उभा असलेला शेतकरी तेवढा वेळ थांबणार नाही, तो बटन पुन्हा दाबील, आणि तिसरी मागणी रवाना होईल. म्हणून काही ठिकाणी दोन मर्यादा ठेवतात: एक चाचणीची, सैल, दुसरी नागरिकाची, कडक. पहिली ओलांडली तर चाचणी नापास. दुसरी ओलांडली तर चाचणी उत्तीर्ण, पण प्रत्यक्ष किती सेकंद लागले ते दिनांकासह लिहून ठेवावयाचे. भातखरेदीच्या तोंडावर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, त्या वहीतले आकडे वाचण्याजोगे असतात.